सोयाबीनच्या जोडीला काय? मराठवाड्यातील कोरडवाहू रानात पीकवैविध्य टप्प्याटप्प्याने आणण्याची पद्धत

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत खरिपाचा पेरा आज मुख्यतः सोयाबीन आणि कपाशी या दोन पिकांभोवती फिरतो. हा शेतकऱ्याचा अविचार आहे असे म्हणता येणार नाही. सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास हाती येते, लातूरसारखी मोठी बाजारपेठ जवळ आहे, मळणी यंत्राने झटपट उरकते आणि हरभऱ्यासाठी रान वेळेवर मोकळे होते. अडचण निराळीच आहे. सगळे रान एकाच पिकाखाली, एकाच वाणाखाली आणि एकाच आठवड्यात पेरलेले असले, की ऑगस्टमधला पावसाचा खंड साऱ्या रानाला शेंगा भरण्याच्या ऐन अवस्थेत गाठतो आणि सप्टेंबरअखेरचा पाऊस काढणीला आलेल्या सगळ्या शेंगा एकदमच भिजवतो. २०२५ च्या सप्टेंबरमधील अतिवृष्टीने हे पुन्हा दाखवून दिले. पुरात जमीनच खरवडून गेली तिथे कोणत्याही पीकपद्धतीचा उपाय चालत नाही. परंतु माळावरच्या आणि उताराच्या रानात, सोयाबीन गेले तरी दुसरे काहीतरी उभे असणे आणि काहीच उभे नसणे यात घरखर्चाच्या दृष्टीने फार मोठा फरक पडतो.

वैविध्याचा अर्थ शेतात दहा प्रकारच्या बिया फेकणे असा घेऊ नये. जमिनीतील ओलावा वेगवेगळ्या खोलीवरून घेणारी, वेगवेगळ्या महिन्यांत फुलणारी, वेगवेगळ्या किडींना बळी पडणारी आणि वेगवेगळ्या वेळी पैसा किंवा अन्न देणारी झाडे विचारपूर्वक एकत्र आणणे हे त्याचे खरे स्वरूप आहे. पिकांची नावे पाच असली आणि ती पाचही एकाच किडीचे खाद्य असली, तर त्या वैविध्याचा उपयोग फारसा होत नाही. पुढील सर्व टप्प्यांमागे हीच एक कसोटी आहे.

पहिला टप्पा: रान आणि वर्ष कागदावर मांडणे

मे महिन्यात, बियाणे खरेदीच्या आधी, आपल्या जमिनीच्या गटाचा साधा नकाशा काढावा. कोणता भाग भारी, कोणता मध्यम, कुठे मुरूम लागतो, पाणी कुठून येते आणि कुठे साचते हे त्यावर दाखवावे. जिथे दोन-तीन दिवस पाणी तुंबते तिथे तूर घेऊ नये, कारण तुरीची मुळे तुंबलेले पाणी सहन करत नाहीत आणि मर तसेच मूळकुज वाढते. हलक्या, मुरमाड पट्ट्यात सोयाबीनपेक्षा मूग, मटकी, हुलगा, बाजरी ही पिके कमी ओलाव्यात निभावतात.

नकाशाशेजारी बारा रकाने आखून प्रत्येक महिन्यात रानात काय उभे असते, घरात काय येते आणि हातात पैसा कधी पडतो ते लिहावे. बहुतेक ठिकाणी ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्च हे दोनच रकाने भरलेले दिसतील. रिकामा रकाना दिसला की कोणते पीक हवे याचे उत्तर बरेचसे मिळते. ऑगस्टअखेर मूग-उडीद, ऑक्टोबरात सोयाबीन, डिसेंबर-जानेवारीत तूर, फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी, करडई आणि हरभरा, उन्हाळ्यात धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, चिंच, अशी साखळी जिरायत रानातही बसवता येते.

तिसरी नोंद किडीरोगांची करावी आणि ती विशेष काळजीने करावी. कपाशीवरची हिरवी बोंडअळी, तुरीवरची शेंगा पोखरणारी अळी आणि हरभऱ्यावरची घाटेअळी ही एकच कीड आहे. कपाशी, तूर आणि हरभरा एकामागून एक लागून असतील, तर जुलै ते फेब्रुवारीपर्यंत तिला सलग खाद्य मिळते. मूग, उडीद आणि सोयाबीन या तिन्हींवर पांढऱ्या माशीमार्फत पिवळा मोझॅक हा विषाणूरोग पसरतो. म्हणून कडधान्यांच्या यादीत ज्वारी, बाजरी, करडई, तीळ, जवस यांसारख्या निराळ्या कुळांतील पिकांचा शिरकाव होणे आवश्यक आहे.

दुसरा टप्पा: सोयाबीन आणि तूर, चारास दोन

ज्याला एकाच बदलापासून सुरुवात करायची आहे त्याने इथूनच करावी. सलग सोयाबीनऐवजी चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर ही पद्धत परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत आहे, आणि तिच्यामागचा विचार भक्कम आहे. तूर पहिले दीड-दोन महिने हळू वाढते, त्यामुळे सोयाबीनला तिचा अडथळा होत नाही. सोयाबीन निघाल्यावर तुरीला दोन्ही बाजूंनी मोकळी जागा, ऊन आणि परतीच्या पावसाचा ओलावा मिळतो. सोयाबीनची मुळे वरच्या थरात अधिक पसरतात, तर तुरीचे सोटमूळ खोल जाते. खंड पडला तर सोयाबीनला झळ बसते, पण तूर त्या वेळी फुलोऱ्यात नसल्यामुळे सावरते. शिवाय तुरीचा पानगळीचा थर रानातच पडतो आणि पुढच्या पिकाला उपयोगी पडतो.

ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रावर ही मांडणी बसवताना नेहमी एक गोंधळ होतो. सहा फणी यंत्रात एका बाजूच्या दोन फणांत तूर भरली, तर वळून येताना तुरीच्या दोन जोड्या शेजारी येतात आणि रानात चार ओळी तूर, आठ ओळी सोयाबीन असे पट्टे पडतात. त्याऐवजी यंत्राच्या दोन्ही टोकांच्या एकेका फणात तूर आणि मधल्या चार फणांत सोयाबीन ठेवावे. जाताना आणि येताना टोकाचे फण शेजारी येत असल्यामुळे तुरीची जोडओळ आपोआप तयार होते. सात फणी यंत्र असेल तर एक फण बंद करून उरलेल्यांचे अंतर सारखे करून घ्यावे. बियाणे पेटीत तुरीचे कप्पे पुठ्ठ्याने किंवा पत्र्याने पक्के वेगळे करावेत आणि रानात जाण्याआधी पन्नास पावले यंत्र चालवून बी किती पडते ते तपासावे. बैलजोडीच्या तिफणीवर चाड्यावर मूठ धरणारी व्यक्ती सरावाची असेल तर तीन-तीन ओळींची मांडणी अधिक सोपी जाते.

दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर धरले, तर एकरी सोयाबीनचे सतरा-अठरा किलो आणि तुरीचे दोन किलोच्या आसपास बियाणे पुरते. सुमारे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरणी करू नये. सोयाबीनचे बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेले की उगवण घटते. मध्यम जमिनीसाठी बदनापूर येथील संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा साधारण पाच महिन्यांत येणारा पांढऱ्या दाण्याचा वाण सोयीचा आहे, कारण तो जमिनीतील ओल संपण्याआधी शेंगा भरतो. भारी, ओल धरून ठेवणाऱ्या रानात बीएसएमआर ७३६ हा उशिरा येणारा लाल दाण्याचा वाणही चालतो. मर आणि वांझ (ज्यात झाडाला फुले-शेंगा धरत नाहीत) या दोन्ही रोगांना तो दाद देत नाही. ज्याचे रान दोन्ही प्रकारचे आहे त्याने दोन्ही वाण लावावेत. एका पिकाच्या दोन वाणांतूनही जोखीम वाटली जाते, ही गोष्ट आपल्याकडे फार दुर्लक्षित राहिली आहे.

बीजप्रक्रियेत क्रम महत्त्वाचा आहे. आधी बुरशीनाशक, मग गरजेनुसार कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू संवर्धक लावून बी सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. हवेतील नत्र पिकाला मिळवून देणारे रायझोबियम जिवाणू सोयाबीनचे वेगळे आणि तुरीचे वेगळे असतात, त्यामुळे एकाच पाकिटातील संवर्धक दोन्ही बियाण्यांना चोळून उपयोग नाही. पाकिटावरील पिकाचे नाव वाचूनच खरेदी करावी.

तुरीचे शेंडे पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने खुडावेत, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात. सोयाबीन काढताना मोठे हार्वेस्टर या पट्ट्यांत फिरत नाही. हा या पद्धतीचा खरा तोटा असून तो आधीच हिशेबात धरला पाहिजे. मजुरांची किंवा लहान कापणी यंत्राची सोय नसलेल्या कुटुंबाने पहिल्या वर्षी एक-दोन एकरांवरच ही पद्धत घ्यावी. काढणीनंतर तुरीला फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना एक-एक संरक्षित पाणी देता आले तर उताऱ्यात स्पष्ट फरक दिसतो.

तिसरा टप्पा: ज्वारीला पुन्हा जागा, कपाशीला सोबत

ज्वारी मागे पडल्यामुळे ताटातली भाकरी महाग झाली आणि गोठ्यातला कडबाही. जनावरे कमी झाली, मग शेणखत घटले, आणि शेणखत घटल्यावर जमिनीतील सेंद्रिय कर्ब सांभाळणारे काही उरले नाही. म्हणून खरिपात निदान एका पट्ट्यात ज्वारी आणि तूर, चारास दोन किंवा तीनास तीन, घेण्याचा आग्रह मी धरेन. ज्वारीच्या सोबतीने वाढलेल्या तुरीत मर रोग कमी राहतो, असे हैदराबादजवळील पाटनचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेच्या प्रयोगांत आढळले आहे. विद्यापीठाच्या परभणी शक्ती या वाणात लोह आणि जस्ताचे प्रमाण अधिक आहे, त्यामुळे घरच्या खाण्यासाठी तो विचारात घ्यावा. पाखरांचा त्रास मात्र एकट्याच शेतात ज्वारी असली की असह्य होतो. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी ठरवून एकाच शिवारात, एकाच सुमारास ज्वारी पेरली तर नुकसान वाटले जाते आणि राखणही वाटून घेता येते. हरणे, रोही आणि रानडुकरे यांच्या बाबतीतही हेच खरे आहे.

मिश्र पिकात तणनाशक वापरताना घाई करू नये. ॲट्राझीन ज्वारीला चालते, पण शेजारच्या तुरीला मारते. लेबलवर दोन्ही पिकांची नावे नसतील तर कोळपणी आणि खुरपणीवरच भर द्यावा.

कपाशीत एका ओळीआड मूग किंवा उडीद घेण्याची पद्धत जुनी आणि उपयुक्त आहे. कपाशी पसरण्याआधीच हे पीक निघून जाते, मधल्या काळात जमीन झाकलेली राहते आणि पोळ्याच्या सुमारास हातात थोडा पैसा येतो.

चौथा टप्पा: शेताच्या कडेला कोणती झाडे आणि का

कडेची आणि मधली विरळ झाडे दोन प्रकारची कामे करतात. काही झाडे किडीला आपल्याकडे ओढतात, तर काही मित्रकीटकांना आसरा देतात. तंबाखूवरची पाने खाणारी अळी, जी सोयाबीन आणि कपाशी दोन्हींवर येते, तिचा पतंग एरंडीच्या रुंद पानांवर पुंजक्याने अंडी घालतो. म्हणून सोयाबीनच्या कडेने एरंडीची झाडे लावावीत. पण झाडे लावून काम संपत नाही. आठवड्यातून दोनदा पाने उलटून पाहावीत. अंडीपुंज असलेली आणि लहान अळ्यांनी जाळीदार केलेली पाने तोडून नष्ट करावीत. हे केले नाही तर एरंडी हेच किडीच्या पैदाशीचे ठिकाण बनते आणि लावली नसती तर बरे झाले असते अशी वेळ येते.

कपाशीच्या कडेने मका आणि चवळी पेरली असता चवळीवर मावा आधी येतो आणि त्याच्या मागोमाग ढालकिडे व क्रायसोपा हे मावा खाणारे मित्रकीटक येऊन वाढतात; पुढे कपाशीवर मावा आला की ते तिथेच हजर असतात. चवळीवर मावा दिसला म्हणून लगेच फवारणी करणे म्हणजे आपल्याच मदतनिसांना मारणे होय. झेंडूच्या फुलांकडे हिरव्या बोंडअळीचा पतंग आकर्षित होतो, आणि त्याच्या मुळांतील द्रव्यांमुळे मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना आळा बसतो; भाजीपाल्याच्या रानात हा दुसरा गुण अधिक मोलाचा आहे. कपाशीजवळ भेंडी आणि अंबाडी लावण्याबाबत मात्र सावध राहावे. ती कपाशीच्याच कुळातली असून ठिपक्यांची बोंडअळी आणि पांढरी माशी त्यांवर सहज पोसली जाते.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत शेजारच्या पिकांकडून फार अपेक्षा ठेवू नये. ही अळी जवळजवळ कपाशीवरच जगते, त्यामुळे तिचे चक्र तोडण्याचा मार्ग कपाशी वेळेवर संपवणे हाच आहे. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटाव्यात आणि फरदड, म्हणजे जुन्याच झाडांवर पुन्हा पीक, घेऊ नये. भारतात २००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणाऱ्या कपाशीला, परवानगी मिळाली तेव्हापासून तिच्यासोबत बिगर-बीटी बियाणे लावणे अपेक्षित होते. त्या झाडांवर वाढलेले, विषाला बळी पडणारे पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करतील आणि प्रतिकारशक्ती पसरण्यास वेळ लागेल, असा त्यामागचा हेतू होता. बिगर-बीटी बियाण्याचे ते पाकीट बहुतेक ठिकाणी बांधावरच पडून राहिले, आणि २०१७ च्या हंगामात या अळीने महाराष्ट्रभर जे केले ते सर्वांना ठाऊक आहे. वैविध्य सोडल्याची किंमत किती असते याचे याहून ठळक उदाहरण आपल्या भागात नाही.

पाचवा टप्पा: रब्बी आणि फेरपालट

सोयाबीननंतर हरभरा, पुन्हा सोयाबीन, पुन्हा हरभरा असे वर्षानुवर्षे चालले की जमिनीतील मर रोगाची बुरशी वाढत जाते. तीन वर्षांतून निदान एकदा त्या तुकड्यात रब्बी ज्वारी किंवा करडई घ्यावी. करडईचे मूळ खोल जाते, ती कमी ओलाव्यावर येते आणि तिच्या काट्यांमुळे मोकाट जनावरे आत शिरत नाहीत. म्हणून ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या भोवताली तिच्या ओळी घालण्याची रीत आपल्याकडे होतीच. सहा ओळी ज्वारी आणि तीन ओळी करडई, किंवा चार ओळी हरभरा आणि दोन ओळी करडई, अशी मांडणी करता येते. करडई उशिरा पेरली की मावा फार येतो, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी उरकावी.

हरभऱ्यात धने आणि जवस यांच्या अधूनमधून ओळी टाकाव्यात. घाटेअळीवर जगणाऱ्या परजीवी माश्यांना प्रौढ अवस्थेत मध लागतो आणि धन्याची बारीक फुले तो सहज देतात. हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारीचे दाणे मिसळले तर मोठी झालेली ताटे पक्ष्यांना बसायला उपयोगी पडतात, आणि तिथे बसलेले पक्षी अळ्या टिपतात.

सहावा टप्पा: धुरा

धुऱ्यावर झाड लावण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न सावलीचा आणि दुसरा शेजाऱ्याचा येतो. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे सावली उत्तरेकडे पडते. उत्तरेच्या धुऱ्यावर झाड लावले तर आपले पीक वाचते, पण शेजाऱ्याचे सावलीत जाते. म्हणून उंच झाडांबाबत शेजाऱ्याशी आधी बोलून, शक्यतो फळ आणि सरपण वाटून घेण्याचे ठरवूनच लागवड करावी. ज्यांचे जमत नसेल त्यांनी सीताफळ, शेवगा, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) यांसारखी छाटून आटोक्यात ठेवता येणारी झाडे लावावीत.

गिरिपुष्पाची शिफारस मी सर्वांत आधी करेन. जनावरे ते सहसा खात नाहीत, त्यामुळे कुंपणाविना वाढते; त्याच्या कोवळ्या पाल्यात नत्र भरपूर असते आणि वर्षातून दोन-तीनदा छाटून तो पाला थेट ओळींत पसरता येतो. एक-दोन कडुनिंब प्रत्येक शेतात असावेतच. निंबोळ्या जून-जुलैत गोळा करून वाळवून ठेवल्या, तर पाच किलो निंबोळीचा भुगा रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्यात पाच टक्के अर्क तयार होतो आणि अळीच्या सुरुवातीच्या अवस्थेत तो परिणामकारक ठरतो. बालाघाट डोंगररांगेच्या उतारावर सीताफळ नैसर्गिकरीत्याच येते. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे.

सातवा टप्पा: घराचे रान आणि घराचे बियाणे

लातूर-धाराशिव भागात वेळ अमावास्येला जी भज्जी शिजते तिच्यात तुरीचे आणि हरभऱ्याचे हिरवे दाणे, वाटाणा, वाल, मेथी, हिरवी चिंच आणि मिळतील तितक्या पालेभाज्या असतात. यंदा त्या भांड्यातले किती जिन्नस स्वतःच्या शेतातून आले आणि किती बाजारातून आणले हे मोजावे. आपल्या रानातील वैविध्याचे यापेक्षा प्रामाणिक मोजमाप कोणते यंत्र देणार नाही.

याच भागात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने महिलांसोबत एक एकर शेतीची पद्धत रुजवली. कुटुंबाच्या जमिनीतील एक एकर बाईच्या निर्णयाखाली आणि त्या एकरात घरी लागणारी धान्ये, डाळी व भाज्या मिळून अनेक पिके, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. या संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. बियाणे कोणते ठेवायचे, कोणती भाजी कधी टाकायची याचे ज्ञान आपल्याकडे बहुतांशी बायकांकडे आहे. त्यांना विचारल्याशिवाय पीकनियोजन करणे ही मोठी उणीव ठरते.

स्थानिक वाण टिकवण्यात पैसाही आहे. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, काष्टीची कोथिंबीर आणि जालन्याची दगडी ज्वारी यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क आहे. सोयाबीन स्वपरागित असल्यामुळे घरचे बियाणे दोन-तीन वर्षे चालते. तुरीत मधमाश्यांमुळे संकर होतो, म्हणून बियाण्यासाठीची तूर दुसऱ्या वाणापासून दूर असावी. संकरित कपाशीचे बियाणे मात्र राखून उपयोग नाही. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. सत्तरपेक्षा कमी उगवले तर ते सोयाबीन बियाणे म्हणून वापरू नये.

हिशेब कसा मांडावा

मिश्र पिकात सोयाबीनचा उतारा सलग पिकापेक्षा कमी येणारच, आणि तेवढाच आकडा पाहून पद्धत सोडली जाते. म्हणून शेजारी थोडे सलग सोयाबीन आणि थोडी सलग तूर ठेवावी आणि तुलना करावी. समजा सलग सोयाबीन एकरी आठ क्विंटल व सलग तूर पाच क्विंटल आली, आणि मिश्र एकरात सहा क्विंटल सोयाबीन व तीन क्विंटल तूर मिळाली. सहाला आठने भागून ०.७५ आणि तीनला पाचने भागून ०.६० येते, बेरीज १.३५. म्हणजे तेवढाच माल सलग पिकांतून काढायला एक एकर चौदा गुंठे रान लागले असते. बेरीज एकपेक्षा कमी आली तर ओळींची मांडणी, वाण किंवा पेरणीची वेळ चुकली असे समजावे आणि पुढच्या वर्षी त्यातील एकच गोष्ट बदलावी.

तीळ, कारळे, जवस, मटकी यांचा माल थोडाथोडा निघतो आणि आडतीवर दहा-पंधरा किलोला नीट भाव मिळत नाही. हा माल घरी लागेल तेवढा ठेवून उरलेला शेतकऱ्यांच्या गटाने एकत्र करावा किंवा आठवडी बाजारात थेट विकावा. तुरीची गावातच डाळ करून विकता आली तर चुरी आणि टरफलेही गोठ्यातच राहतात.